हात कमी नाहीत, जोड कमी पडते

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारा मुलगा १९ वर्षांचा आहे. गाव खानापूर तालुक्यात, पण बीसीएच्या दुसऱ्या वर्षासाठी बेळगावात खोली करून राहतो. वडील भात आणि काजू करतात, थोरला भाऊ उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला आहे. तीन वर्षांपासून बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, शेवटपर्यंत जिवंत राहायचा लढाईचा खेळ) खेळतो, दोनदा काँकरर या त्यातल्या सर्वांत वरच्या पायरीवर पोचला. चौघांचा संघ आहे, तिघे मराठी आणि एक कन्नड. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन स्पर्धेत हा संघ उतरला. सहा सामन्यांत मिळून ११ गुण झाले आणि चार सामन्यांत तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर पडावं लागलं. त्यानंतर जागतिक स्पर्धांचे सामने पाहून तो लिहितो, "कोरिया-मंगोलियाच्या पोरांच्या हातातच काहीतरी वेगळं आहे. आपल्या रक्तात ते नाही." आता वर्षभर कॉलेज सोडून बेंगळुरूला जावं आणि भावाच्या नावावर सोसायटीचं कर्ज काढून ऐंशी हजारांचा फोन घ्यावा, असं त्याच्या मनात आहे. जमत नसेल तर हा नाद कायमचा सोडायची तयारीही आहे. घरी अजून काही सांगितलेलं नाही. काय करावं, असं विचारतो.

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचावं लागलं, कारण एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन समजुती त्यात एका दमात आल्या आहेत. हे कौशल्य कोरियन मुलांच्या रक्तात आहे, असं तू म्हणतोस. महाग फोन आणि बेंगळुरूची खोली मिळाली की आपणही तिथं पोचू, असंही म्हणतोस. गोष्ट रक्ताची असेल तर फोन घेऊन काही व्हायचं नाही, आणि फोननं होणार असेल तर रक्ताचं नाव घ्यायला नको. भावाची सही कर्जाच्या कागदावर पडायच्या आधी यातलं खरं काय ते बघू.

कोरियापासूनच सुरू करू. दक्षिण कोरियाचं क्षेत्रफळ साधारण एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे कर्नाटकाच्या निम्म्याहून जरासं जास्त. तेवढ्यात पाच कोटी माणसं राहतात. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथल्या सरकारनं वेगवान इंटरनेट देशभर पसरवलं. १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा खेळ आला. तासाच्या भाड्यावर खेळायची 'पीसी बांग' नावाची दुकानं गल्लोगल्ली उघडली, २००० मध्ये खेळाची संघटना उभी राहिली आणि त्याच सुमारास सामने टीव्हीवर दिसू लागले. यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. शाळा सुटल्यावर पोरगं ज्या दुकानात जायचं, तिथंच शेजारच्या खुर्चीवर त्या वस्तीतला सर्वांत तयार खेळाडू बसलेला असायचा. आज हरलो तर कुठं हरलो, हे तो लगेच सांगायचा आणि उद्या संध्याकाळी दोघं पुन्हा समोरासमोर. लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या खेळात आजही सगळा कोरिया एकाच सर्व्हरवर खेळतो. रँक पुरेशी वर गेली की रात्रीच्या साध्या सामन्यात समोर व्यावसायिक खेळाडू येतो.

आपल्या भागात हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद आधी त्याची जोड बघतो. चांगली जोड म्हणजे आपल्यापेक्षा थोडा जड, थोडा तयार, रोज भेटणारा आणि चूक केली की लगेच पाठ लावणारा. एकट्यानं हजार बैठका मारून अंग होतं, पण डाव अंगात बसायला समोर माणूस लागतो. देशादेशांतल्या कौशल्याच्या फरकाचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या खेळात ज्या देशाकडे अशा जोडी जास्त आणि रोजच्या असतात, तो देश त्या खेळात पुढं असतो.

म्हणूनच जोड जमली की लहान देशही वर येतात. स्टारक्राफ्ट २ मध्ये जगज्जेतेपद वर्षानुवर्षं कोरियाबाहेर गेलं नव्हतं. २०१८ मध्ये फिनलंडच्या योना सोटालानं, खेळातलं नाव सेराल, ते जिंकलं. तो कोरियात जाऊन राहिला नव्हता. फिनलंडमध्ये घरी राहून युरोपच्या सर्व्हरवर तयार झाला. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५६ लाख आहे. तू ज्यांच्याकडे बघून खचलास तो मंगोलिया तर त्याहून लहान, साधारण ३५ लाखांचा. आपल्या एका बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार होती. त्या मंगोलियाच्या आयएचसी संघानं २०२३ मध्ये इस्तंबूलला पबजी मोबाइलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळातही त्यांचा द मंगोल्झ हा संघ २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मेजर स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

सर्वांत जवळचं उदाहरण लाहोरचं आहे आणि तुझ्यासाठी तेच सर्वांत कामाचं. टेकन या मारामारीच्या खेळात कोरिया आणि जपानचा दबदबा होता. २०१९ च्या फेब्रुवारीत अर्सलान ॲश नावाचा पाकिस्तानी मुलगा जपानमध्ये इव्हो या मारामारीच्या खेळांच्या नावाजलेल्या स्पर्धेत उतरला. व्हिसाच्या अडचणींतून वाट काढत कसाबसा पोचलेला, बाहेरच्या जगाला जवळजवळ अनोळखी. तो जिंकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासची इव्होसुद्धा जिंकला. घरी माझ्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत, असं त्यानं सांगितलं तेव्हा अनेकांना ती नम्रता वाटली. पुढं 'नी' या नावानं खेळणारा कोरियाचा नामवंत खेळाडू स्वतः पाकिस्तानात जाऊन त्या मुलांशी खेळला, आणि काही वर्षांनी त्यांच्यातल्याच आतिफ बटनं टेकनच्या जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा मारली. तिथं ना मोठे प्रायोजक होते, ना अकादम्या. एकाच यंत्रासमोर मांडीला मांडी लावून खेळणारी, एकमेकांना रोज हरवणारी तयार पोरं होती. शेजारी बसून खेळताना पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचा, प्रश्नच येत नाही.

आता आपल्या देशाकडे ये. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पबजी मोबाइलच्या वर्ल्ड लीगमध्ये पूर्व विभागात इंडोनेशियाचा बिगेट्रॉन संघ पहिला आला आणि भारताचा ऑरेंज रॉक दुसरा. म्हणजे त्या वेळी अंतर फार नव्हतं. २ सप्टेंबर २०२० ला भारतात खेळावर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ च्या शेवटी तोही ॲपच्या ऑनलाइन दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस परतला. तीन वर्षांत दोनदा तालमीला कुलूप लागलं, आणि त्याच काळात मंगोलिया, तुर्कस्तान, थायलंडची मुलं एकमेकांशी रोज भिडत होती. हा फरक रक्तानं पडलेला नाही. कॅलेंडरकडे बघितलं तरी समजतो.

"ती पोरं लहानपणापासून दिवसभर खेळतात" असंही तू लिहिलं आहेस. कोरियात २०११ पासून दहा वर्षांहून अधिक काळ सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत संगणकावरचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद होते. चीननं तर २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. आपल्याकडची शाळकरी मुलं तासांच्या हिशेबात त्यांच्या पुढं असतील. तास महत्त्वाचे आहेतच, पण कुणासमोर घालवलेले, हे आधी विचारायला हवं.

तुझ्या काँकररकडेही याच नजरेनं बघू. ही पायरी सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांना मिळते, आणि त्यासाठी हंगामभर रोज गुण जमवावे लागतात. चिकाटी त्यातून नक्की दिसते, ती कमी लेखू नकोस. पण रँकच्या लॉबीत, म्हणजे त्या सामन्यासाठी जमलेल्या खेळाडूंत, समोर कोण येईल याचा भरवसा नसतो. निम्मी मुलं पोचिंकी नाहीतर मिलिटरी बेस या नकाशावरच्या गर्दीच्या जागी एकदम उतरतात आणि मरतात. तिथं गोळीबाराच्या आवाजाकडे धावत गेलं तरी फायदा होतो. स्पर्धेत १६ संघ एरँगल या ८ बाय ८ किलोमीटरच्या नकाशावर आपापल्या ठरलेल्या ड्रॉपवर (उतरायच्या जागी) उतरतात, गाड्या ताब्यात घेतात आणि पहिली दहा मिनिटं शक्यतो कुणी कुणाला हात लावत नाही. तुझा संघ नेमक्या त्याच दहा मिनिटांत चार वेळा मेला. रँकमध्ये पिकलेली सवय तुम्ही स्पर्धेत घेऊन गेलात. दोन संघांच्या लढाईत तुम्ही तिसरे म्हणून शिरलात की चौथा संघ तुमच्या पाठीवर येतो, असं होतंय का ते बघ.

गुणांचं गणितही तिकडंच बोट दाखवतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला एकेक आणि प्रत्येक किलला (मारलेल्या खेळाडूला) एक गुण, अशी पद्धत रूढ आहे. दर सामन्यात चौथा क्रमांक आणि चौघांत मिळून चार किल, एवढं साधं जमलं तरी सहा सामन्यांत ४८ गुण होतात. तुमचे ११ झाले. मधले ३७ गुण नेम सुधारून येणारे नाहीत, जिवंत राहून येणारे आहेत.

आता फोन. सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ९० वर ११.१ आणि १२० वर ८.३. म्हणजे ६० वरून ९० वर गेल्यानं तुझे साडेपाच मिलिसेकंद वाचतात. डोळ्यांना दिसून बोट हलायला तरबेज माणसालाही २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. ब्लूटूथ इयरफोन आवाज शंभर मिलिसेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोचवू शकतो, आणि तू ब्लूटूथच वापरतोस असं पत्रात आहे. तारेचा इयरफोन पाचशे रुपयांत येतो. आधी तो घे. सध्याचा फोन ६० फ्रेम स्थिर देत असेल तर पुढचे सहा महिने तो पुरतो. देत नसेल तर बहुतेक वेळा कारण उष्णता असतं. चार्जिंगला लावून खेळू नकोस, कव्हर काढ, ग्राफिक्स सर्वांत खालच्या पातळीवर ठेव, ब्राइटनेस कमी कर आणि मागून साधा टेबलफॅन सोड. ९० वर जाऊन मध्येच ५० वर कोसळणाऱ्या फोनपेक्षा ६० वर ठाम राहणारा फोन चांगला, कारण स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, आवरायची हाताची सवय ठरावीक वेगालाच बसलेली असते. टॅबलेटचा विचार मात्र डोक्यातून काढ, अधिकृत स्पर्धांत तो चालत नाही. सेन्सिटिव्हिटीही (बोट सरकवल्यावर नेम किती फिरतो तो आकडा) एकदा ठरवली की चार आठवडे बदलायची नाही. दर हरलेल्या सामन्यानंतर आकडे फिरवणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

नेटचं दुखणं फोनपेक्षा मोठं आहे. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समजा सर्व्हर मुंबईला आहे आणि बेळगाव-मुंबई जाऊन-येऊन हजार किलोमीटर धरले तर त्याचे फक्त पाच मिलिसेकंद होतात. उरलेला पिंग वाटेतल्या यंत्रांचा आणि तुझ्या खोलीतल्या वाय-फायचा. ४० चा स्थिर पिंग घेऊन उत्तम खेळता येतं. २५ वरून ११० वर उड्या मारणारा पिंग मात्र चांगल्या हाताचंही मातेरं करतो, कारण तू आडोशामागे गेल्यावरही गोळी लागते. रात्री आठ ते अकरा या वेळात दहा मिनिटं सलग पिंग चालवून नोंद ठेव: सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि डेटाची किती पॅकेट हरवली. राउटर त्याच खोलीत हवा आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. हेस्कॉमची वीज गेली की सामना गेला, असं होऊ द्यायचं नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घे. अडॅप्टरवरचा स्टिकर वाच: व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर लागतात. बरेच जण एकच लावतात आणि मग यूपीएस असून नेट का गेलं म्हणून डोकं धरतात. पावसाळ्यात गावी मोबाइल डेटावर स्पर्धा खेळायची नाही, हे संघानं आधीच ठरवून टाकावं. त्या आठवड्यात बेळगावच्या खोलीतच राहायचं.

आता मूळ दुखण्यावर, म्हणजे जोडीवर येऊ. तुला १६ संघ हवेत, चौघांचे, म्हणजे ६४ मुलं. ती बेळगावात आहेत, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक, अथणीत आहेत, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज आणि कोल्हापुरातही आहेत. कॉलेजांत विचारत गेलास तर पंधरा दिवसांत सापडतील. आठवड्यातून तीन रात्री, नऊ वाजता, तीन सामने. एक जण रूम कार्डाची (खासगी सामना उघडायच्या परवान्याची) सोय करेल, एक गुण लिहील. आयडी आणि पासवर्ड दहा मिनिटं आधी. अशा लॉबी सहसा तिसऱ्या आठवड्यात मोडतात आणि कारणं नेहमीची असतात: वेळ पाळली जात नाही, लवकर मेलेला संघ पुढच्या सामन्याला येत नाही, कुणीतरी हॅक वापरतो आणि भांडण होतं. म्हणून दोन संघ राखीव ठेव. नऊ वाजून पाच मिनिटांनी रूम सुरू, मग कोण आलं कोण नाही हे बघायचं नाही. मधूनच निघून जाणारा संघ एक आठवडा बाहेर. संशय आला तर हातावर कॅमेरा लावून एक सामना खेळायचा, असं सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असावं. गुणांची शीट आणि सरासरी तू बनव, बीसीएचं शिक्षण इथं कामाला येतं. आणि पैसे कुणाकडूनही घ्यायचे नाहीत. स्लॉटला पन्नास रुपये, किलमागे दहा रुपये असल्या रूममध्ये तर पाऊलही टाकू नकोस. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं ठेवलं आहे. त्या रेषेच्या पलीकडे तुझं नाव जायला नको.

रोजचा सराव तीन-साडेतीन तासांच्या पुढं नेऊ नकोस. वीस मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडवर स्प्रे, वीस मिनिटं टीडीएम (दोन संघांची छोटी लढत), तीन सामने आणि शेवटी चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग बघणं. ही शेवटची चाळीस मिनिटंच पोरं गाळतात, आणि प्रगती तिथंच असते. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडं दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबायचं. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरला दाखवायचं. त्या शिरेवर बाम चोळत खेळत राहिलेल्या मुलांचे महिने वाया जातात.

रेकॉर्डिंग बघताना वही जवळ ठेव. प्रत्येक सामन्याला एक ओळ: नकाशा, ड्रॉप, कितव्या मिनिटाला पहिला माणूस पडला, का पडला, तेव्हा सर्वांत जवळचा साथीदार किती मीटरवर होता. कारणासाठी पाचच शब्द ठरव: झोन (आकसत जाणारी सुरक्षित जागा), तिसरा संघ, एकटा, ग्रेनेड, नेट. पाचांच्या पलीकडे गेलं की वही भरते, पण उत्तर निघत नाही. बहुतेक नव्या संघांत 'एकटा' हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो: पुढं गेलेला फ्रॅगर (मारायला आघाडीवर जाणारा खेळाडू) दीडशे मीटरवर पडतो आणि बाकीचे त्याला उठवायला धावतात. तसं निघालं तर नियम सोपा आहे: चौघांत पन्नास मीटरपेक्षा जास्त अंतर आयजीएलनं, म्हणजे खेळात हुकूम देणाऱ्या कप्तानानं, सांगितल्याशिवाय पडू द्यायचं नाही.

तुमच्या संघात भाषेमुळं गोंधळ होतो, आणि कन्नड मित्राला बदलावं का, असं तू विचारलंस. बदलू नकोस, बोलायची पद्धत बदल. डावीकडं-उजवीकडं म्हणा की एडक्के-बलक्के, अडचण दोन्हींत तीच आहे: चौघांची तोंडं चार दिशांना असतात, त्यामुळं तुझं डावं ते त्याचं उजवं. दिशा नेहमी वरच्या कंपासच्या आकड्यानं सांगायची. मराठीतले आकडे घाईत फसवतात, पंचेचाळीस आणि पंचावन्न कानाला सारखेच लागतात. म्हणून 'दोनशे पंचेचाळीस' असं न म्हणता 'दोन-चार-पाच' म्हणायचं. हे अंक कन्नडमध्ये म्हणायचे की मराठीत, ते चौघांनी मिळून एकदा ठरवा आणि मग मोडू नका. क्रमही ठरलेला हवा: आधी दिशा, मग अंतर, मग किती माणसं, मग कुठं. "दोन-चार-पाच, शंभर, दोघं, झाडामागं." संपलं. लढाई चालू असताना मेलेल्यानं बोलायचं नाही. हा नियम सर्वांत अवघड जातो, आणि तो पाळणारे संघ लगेच ओळखू येतात.

हे सगळं बेळगावातून होण्यासारखं आहे, म्हणून बेंगळुरूची घाई करू नकोस. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून गेलास तरी तिथल्या खोलीत बसून तू त्याच सर्व्हरवर, त्याच ऑनलाइन लॉबीत खेळणार. भाडं आणि खानावळ मात्र डोक्यावर येईल. एखाद्या संघानं राहण्या-जेवण्याची सोय करून लेखी बोलावलं, तर गोष्ट वेगळी. तसा करार आला तर सही करायच्या आधी चार कलमं शोध: मुदत किती, मध्येच सोडायचं तर कुणी किती भरायचं, बक्षिसातला संघटनेचा वाटा किती, आणि तुझ्या स्ट्रीमिंगच्या कमाईवर हक्क कुणाचा. एखादं कलम समजलं नाही तर ओळखीच्या वकिलाला दाखव, लाजू नकोस.

पैशाचं चित्रही डोळे उघडे ठेवून बघ. २०२१ च्या पहिल्या मोठ्या बीजीएमआय स्पर्धेचं एकूण बक्षीस एक कोटीचं होतं, त्यातले ५० लाख विजेत्यांना. ते चौघा-पाचांत वाटायचे, त्यातून संघटनेचा वाटा जायचा आणि बक्षिसावर सहसा ३० टक्के कर आधीच कापला जातो. अंतिम फेरीत देशभरातून १६ संघ, म्हणजे ६४ मुलं. बाकी सगळी रिकाम्या हातानं परततात, आणि त्यांत फार चांगली खेळणारीही असतात. दोनदा अख्खा खेळच एका सरकारी आदेशानं बंद पडला होता, हे तुझ्याच पिढीनं पाहिलं आहे. अशा पायावर भावाच्या नावाचं कर्ज आणि सोडलेलं वर्ष, दोन्ही एकदम ठेवू नयेत.

वय निघून जाईल ही भीती तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसते. लीग ऑफ लेजंड्सचा फेकर २०१३ मध्ये १७ व्या वर्षी जगज्जेता झाला, आणि २०२४ मध्ये २८ व्या वर्षी पुन्हा झाला. तुझी पदवी २१ व्या वर्षी होईल.

म्हणून माझा सल्ला सहा महिन्यांचा आहे. कॉलेज चालू, एकही विषय राहता कामा नये, फोन तोच. सहा महिन्यांनी तीन गोष्टी तपास. स्थानिक लॉबीत तुमचा सरासरी क्रमांक पहिल्या तिघांत आहे का? अनोळखी, वरच्या संघांच्या लॉबीत तो सहाच्या आत आहे का? एखाद्या अधिकृत स्पर्धेच्या खुल्या फेरीतून एकदा तरी पुढं गेलात का? तिन्ही जमलं तर पदवीनंतरचं एक वर्ष या खेळाला द्यायचं बोलणं घरी करता येईल. पहिलंच जमलं नाही, तर स्पर्धक म्हणून तुझी जागा इथं कठीण आहे, हे मान्य करावं लागेल. त्यानंही सगळं संपत नाही. सामन्यांचं मराठी आणि कन्नड दोन्हींत समालोचन करू शकणारी मुलं सीमाभागातच तयार होऊ शकतात, आणि आकडेवारी मांडणारा, स्पर्धा चालवणारा माणूस प्रत्येक आयोजकाला लागतो. तू लॉबी चालवलीस तर यातली निम्मी कामं आपोआप शिकशील. राज्यपातळीची निवड निघाली तर अर्ज भरण्याआधी रहिवासाची अट वाच. तुझा पत्ता कर्नाटकातला, तेव्हा महाराष्ट्राच्या निवडीत नाव घालून ऐनवेळी बाद होण्यात अर्थ नाही.

राहिलं घर. वडिलांना "मला प्रो प्लेअर व्हायचंय" असं सांगितलंस तर त्यांना फक्त मोबाइल ऐकू येईल. भाताची कापणी उरकली, दोन दिवस निवांत मिळाले की गावी जा, वही पुढं ठेव आणि सांग: रोज इतका वेळ, इतके महिने, एकही विषय राहणार नाही, कर्ज काढणार नाही, आणि या तारखेला मी स्वतः येऊन काय झालं ते सांगेन. भाऊ आधी कळला तर बरं, त्याच्या नावाचा विचार त्याला न विचारता झाला आहे. त्याची माफी माग.

पहिली लॉबी येत्या पंधरवड्यात सुरू होऊ दे. सोळा संघ जमले नाहीत तर बारांवर सुरू करा. साठ सामने झाले की वहीतल्या त्या पाच शब्दांची बेरीज कर आणि फक्त ती बेरीज आम्हाला कळव. 'एकटा' जास्त निघाला की 'झोन', त्यावर पुढचा सराव कसा बदलायचा ते ठरेल.